तुमचे प्रश्न : तो धातू जातो कुठे?

मागच्या अंकात व्हिनेगरविषयी लिहिताना एक वाक्य सहज आलं होतं : 'आज जगातलं बहुतेक ॲसेटिक ॲसिड ऱ्होडियम किंवा इरिडियम या धातूंच्या मदतीने तयार होतं.' (ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरला आंबट करणारा पदार्थ.) त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यालाच द्यायचं ठरवलं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी २६ वर्षं कुरकुंभच्या एका कारखान्यात काढली. मळीच्या अल्कोहोलपासून ॲसेटिक ॲसिड करण्याचंच आमचं काम होतं. त्यामुळे ही उत्तरं थोडी लांबली तर समजून घ्या.

वाचक, धायरी : ताई, माझी शाळेच्या मुलांची व्हॅन आहे. दिवाळीनंतर एका रात्रीत तिचा सायलेन्सर कापून नेला. गॅरेजवाला म्हणाला, आत सोन्याहून महाग धातू असतो. तुम्ही लिहिलेला ऱ्होडियम तोच का? तोच असेल तर व्हिनेगरसारखी स्वस्त वस्तू करायला तो परवडतो कसा?

हो, तोच. तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटलं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अशा चोऱ्यांच्या बातम्या गेली काही वर्षं येत आहेत. सायलेन्सरच्या नळीत मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्याच्या छिद्रांच्या आतल्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर दिलेला असतो. धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडायचं काम मुख्यतः ऱ्होडियमचं. एका गाडीत तो ग्रॅमचा अंशच असतो, पण मार्च २०२१मध्ये त्याचा भाव औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता, म्हणजे त्या वेळच्या सोन्याच्या पंधरापटीहून जास्त. नंतर भाव बराच उतरला. जगभरात वर्षाला तो जेमतेम २०-३० टन निघतो, आणि त्यातला बहुतेक एकट्या दक्षिण आफ्रिकेतून. सोनं वर्षाला तीन हजार टनांच्या वर निघतं, यावरून अंदाज करा.

आता परवडण्याचं. मला तुमचा हा प्रश्न फार आवडला, कारण इथे स्वस्त धातूच महाग पडला होता.

ॲसेटिक ॲसिड करायचा आजचा मोठा रस्ता असा : मेथॅनॉल घ्यायचं आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड वायू जोडायचा. कागदावर ही बेरीज सरळ आहे, पण नुसतं एकत्र ठेवलं तर काही घडत नाही. जर्मनीत बीएएसएफ कंपनीने १९६०मध्ये लुडविग्सहाफेनला हे कोबाल्ट आणि आयोडीन वापरून करून दाखवलं. कोबाल्ट स्वस्त, पण त्याला २५० अंश तापमान आणि जवळजवळ ७०० वातावरणांचा दाब लागायचा. आपला कुकर शिटी देतो तेव्हा आत साधारण दोन वातावरणांचा दाब असतो. सातशे वातावरणं पेलणारं भांडं, तेही आयोडीन आणि गरम ॲसिड खाऊन टाकणार नाही असं! त्यासाठी निकेल-मॉलिब्डेनमचे खास मिश्रधातू तयार होईपर्यंत थांबावं लागलं होतं. एवढं करून मेथॅनॉलपैकी १० टक्के भलत्याच पदार्थांत जायचं, आणि कार्बन मोनॉक्साइड तर ३० टक्के.

अमेरिकेत मॉन्सँटो कंपनीच्या जेम्स रॉथ आणि फ्रँक पॉलिक यांनी कोबाल्टच्या जागी आवर्तसारणीत त्याच्या बरोबर खाली बसणारा ऱ्होडियम घातला. १९६८मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि १९७०मध्ये टेक्सास सिटीला कारखाना सुरू झाला. दाब ३० ते ६० वातावरणांवर आला, तापमान दोनशेच्या आत. मेथॅनॉलपैकी ९९ टक्क्यांहून जास्त ॲसेटिक ॲसिड मिळू लागलं. भांड्यातल्या द्रवात ऱ्होडियम दहा लाख भागांत काही शे भाग एवढाच असतो, म्हणजे दहा टन द्रवात काही किलो. तो काही किलो धातू महिनोन्‌महिने तिथेच राहून हजारो टन ॲसिड करून देतो. जाड भांडं, पंपांची वीज आणि वाया गेलेला कच्चा माल हा कोबाल्टचा खर्च रोजचा होता. ऱ्होडियमचा खर्च एकदाचा, पण तो धातू सांभाळता आला तरच.

आपल्याकडे गुजरातेत भरूचला जीएनएफसी या खतं आणि रसायनं करणाऱ्या कंपनीचा कारखाना या मेथॅनॉलच्या रस्त्यानेच ॲसेटिक ॲसिड काढतो.

बी.एस्सी.चा विद्यार्थी, पुणे ५ : मॅडम, उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही असं आम्ही आठवीपासून पाठ केलंय. मग कंपन्यांना ऱ्होडियम संपण्याची एवढी चिंता का? आणि ऱ्होडियम असताना इरिडियम कशाला?

उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया जलद घडवून आणणारा मदतनीस. तू पाठ केलंस ते चूक नाही, पण ते वहीतलं वाक्य आहे. आधी तो धातू आत काय करतो ते डोळ्यांसमोर आण. माझ्या भाचीला मी हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर दाखवलं होतं, तसंच तुला सांगते.

एक बटाटा घे, तो ऱ्होडियम. त्याच्या कमरेला चारी बाजूंनी चार काड्या टोच. शेजारच्या दोन काड्यांवर दोन काबुली हरभरे, ते कार्बन मोनॉक्साइड. उरलेल्या दोन काड्यांवर दोन काळी द्राक्षं, ते आयोडीन. बटाट्याचं डोकं आणि बूड मोकळं आहे. मेथॅनॉल आयोडीनशी जुळून मेथिल आयोडाइड झालेलं असतं, म्हणजे एक वाटाणा (मेथॅनॉलमधला मेथिल हा तुकडा) आणि एक द्राक्ष एकत्र. हे जोडपं बटाट्यापाशी आलं की तुटतं, वाटाणा डोक्यावर बसतो आणि द्राक्ष बुडाला. ही सगळ्यात संथ पायरी. कारखान्याचा वेग हिच्यावरच ठरतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा मेथॅनॉल वाढवून वेग वाढत नाही, ऱ्होडियम किंवा मेथिल आयोडाइड वाढवलं तरच वाढतो. पुढे वाटाणा डोक्यावरून उठतो आणि शेजारच्या हरभऱ्याला जाऊन चिकटतो. इथे भाची म्हणाली, "मावशी, मग डोक्यावरची जागा रिकामी राहिली की!" बरोबर. तिथे नवा हरभरा येऊन बसतो. मग वाटाणा-हरभऱ्याची जोडी एका द्राक्षाला घेऊन उतरून जाते. बटाटा बघ, पुन्हा दोन हरभरे, दोन द्राक्षं, जसा होता तसा. उतरलेल्या त्रिकुटाला पाणी भेटलं की ॲसेटिक ॲसिड तयार, आणि सुटलेलं आयोडीन पुढच्या मेथॅनॉलला जाऊन मिळतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे. ॲसिड बाहेर काढायला तो द्रव दुसऱ्या भांड्यात सोडून दाब एकदम कमी करतात. हलकं असतं ते वाफ होऊन वर जातं, ऱ्होडियम खालच्या द्रवात राहतो आणि पंपाने परत पहिल्या भांड्यात येतो. धोका इथेच आहे. दाब कमी झाला की कार्बन मोनॉक्साइडही सुटून जातो. बटाट्यावरचे हरभरे गळाले की ती जागा द्राक्षं घेतात, आणि तीन आयोडीन लागलेला ऱ्होडियम विरघळलेला राहत नाही. काळा गाळ होऊन तळाला, नळ्यांच्या कोपऱ्यांत, व्हॉल्व्हच्या खोबणीत बसतो. धातूचा एक अणूही नष्ट झालेला नसतो, पण काम करायला तो जागेवर नसतो. तुझ्या वहीतल्या वाक्याशेजारी हे लिहून ठेव.

गाळ बसू नये म्हणून मॉन्सँटोच्या पद्धतीत भांड्यात १४-१५ टक्के पाणी ठेवत. पाणी ऱ्होडियमला विरघळलेल्या रूपात परत आणतं. पण मग तेच पाणी ॲसिडपासून वेगळं करायला ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे उकळून वेगळं करायचे, मनोरे आणि वाफेचा ढीगभर खर्च. ॲसेटिक ॲसिड आणि पाणी किती चिवटपणे एकमेकांना धरून बसतात हे मी रात्रपाळीत मनोऱ्याच्या तापमानाकडे बघत शिकले आहे. १९८०च्या सुमारास सेलनीज कंपनीने लिथियम आयोडाइड घालून पाणी बरंच खाली आणलं. इरिडियम आला तो याच अडचणीवर दुसरा उपाय म्हणून. १९९०च्या दशकात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने तो वापरात आणला आणि १९९६मध्ये 'कॅटिव्हा' या नावाने जाहीर केला. इरिडियमवर वाटाणा बसण्याची पायरी ऱ्होडियमच्या सुमारे दीडशेपट वेगाने होते. घोडं अडतं ते पुढच्या पायरीला, कारण आयोडीन जागा सोडत नाही. तिथे रुथेनियम मदतीला येतो, एक आयोडीन उचलून नेतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला जागा होते. पाणी कमी असलं तरी इरिडियम सहसा गाळ होत नाही, त्यामुळे वाळवायचा खर्च उतरला.

तुझ्या कॉलेजपासून पाषाण लांब नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपण सगळे एनसीएल म्हणतो ती, १९५०पासून तिथे आहे. कार्बन मोनॉक्साइड जोडण्याच्या अभिक्रियांवर तिथे रघुनाथ चौधरी यांच्या गटाने बरंच काम केलेलं आहे. तुझ्या प्राध्यापकांना विचार, कुणीतरी नक्की ओळखीचं निघेल. जाऊन ये.

वाचक, नारायण पेठ : मी घरगुती लोणची करून विकते. माझ्या व्हिनेगरच्या बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं आहे. तुमचा लेख वाचून धास्ती बसली. हे ऱ्होडियम-बिडियम आमच्या मिरच्यांत उतरतं का?

नाही. वर लिहिलं तसं, ॲसिड वाफ होऊन वर जातं आणि धातू खाली राहतो. मिठाचं पाणी उकळून वाफ पकडली तर तिच्यात मीठ येत नाही, तसंच हे. शिवाय तो धातू कारखानदाराला इतका मोलाचा आहे की एक चिमूटही बाहेर जाऊ नये म्हणून तो जिवाचं रान करतो. वाफेबरोबर थोडं आयोडीन येऊ शकतं, आणि तेही काढतात, चांदी बसवलेल्या रेझिनच्या थरातून ॲसिड गाळून. हे एवढ्या काळजीने करण्यामागे फेविकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाचा हात आहे. जगातल्या ॲसेटिक ॲसिडचा मोठा वाटा व्हायनिल ॲसिटेटकडे जातो, त्यातून तो डिंक होतो, आणि व्हायनिल ॲसिटेट ज्या पॅलेडियम-सोन्याच्या उत्प्रेरकावर बनतं त्याला आयोडीन चालत नाही. सुताराच्या डिंकासाठी केलेली सफाई ॲसिडच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही मिळते.

'सिंथेटिक' म्हणजे आंबवून केलेलं नाही, ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. तुमच्या बाटलीवर अन्नपदार्थाचा परवाना क्रमांक असेल तर भीतीचं कारण नाही. मला स्वतःला लोणच्यात उसाचं आंबवलेलं व्हिनेगरच आवडतं, त्याला वास असतो. सिंथेटिक नुसतं आंबट. पण एक गोष्ट कळकळीने सांगते. बोहरी आळीतून कॅनमधलं कारखान्याच्या दर्जाचं ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ बिनपाण्याचं, ॲसिड आणून घरी पाणी घालून वापरू नका, कुणी कितीही स्वस्त पडेल म्हणून सांगितलं तरी. त्या कॅनमध्ये आधी काय होतं, तो कुठे धुतला, हे दुकानदारालाही माहीत नसतं. आणि ते ॲसिड हातावर सांडलं तर लगेच कळेलच असं नाही, फोड नंतर येतात, कधी काही तासांनीही.

विज्ञान शिक्षिका, हडपसर : जानेवारीत आमच्या प्रयोगशाळेतली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडची बाटली पार गोठून दगड झाली. टाकून द्यायची का?

अजिबात नाही. ते १६.६ अंशांना गोठतं, आणि पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खालीही जातो. 'ग्लेशियल' हे नाव या बर्फावरूनच पडलं. पाणी मिसळलेलं असतं तर एवढ्या लवकर गोठलं नसतं, म्हणजे तुमची बाटली चांगली शुद्ध आहे. बूच किंचित सैल करून कोमट पाण्याच्या बादलीत उभी ठेवा, तासाभरात वितळेल. स्टोव्ह किंवा बर्नर जवळही आणू नका, कारण चाळीस अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते.

निवृत्त शिक्षक, भोर : आम्ही मुलांना शिकवत होतो की ॲसिटिलीनमध्ये मर्क्युरिक सल्फेटच्या मदतीने पाणी घातलं की ॲसिटाल्डिहाइड मिळतं आणि त्यापासून ॲसेटिक ॲसिड. फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. तुमच्या लेखात पाऱ्याचा उल्लेखच नाही. ती पद्धत गेली कुठे?

सर, उल्लेख राहिला ही माझी चूक. सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते तेच.

ती पद्धत जपानात मिनामाता नावाच्या गावी चालत होती. चिस्सो कंपनीने तिथे १९३२मध्ये पाऱ्यावर ॲसिटाल्डिहाइड काढायला सुरुवात केली. फळ्यावर आपण बाणाच्या वर 'मर्क्युरिक सल्फेट' लिहितो आणि तो तसाच राहतो असं धरून चालतो. प्रत्यक्षात त्या भांड्यात पाऱ्याचा थोडा भाग मेथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं फार विषारी रूप, होत होता. सांडपाणी खाडीत जायचं. खाडीतले मासे आणि शिंपले तो अंगात साठवत गेले आणि ते खाणारी माणसं आजारी पडली. आधी मांजरं तोल जाऊन गोल गोल फिरायला लागली. मग मुलांचे हातपाय वाकडे होऊ लागले, दिसणं-ऐकणं गेलं. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९मध्ये कंपनीच्याच इस्पितळाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी ॲसिटाल्डिहाइडच्या विभागातलं सांडपाणी अन्नातून एका मांजराला दिलं. चारशे क्रमांकाचं ते मांजर तसंच आजारी पडलं. कंपनीने हा निकाल दाबून ठेवला. कारखाना पाऱ्यावर १९६८पर्यंत चालूच राहिला. ती मधली नऊ वर्षं मला आजही सहन होत नाहीत.

पाऱ्याविषयीचा जागतिक करार २०१३मध्ये झाला तेव्हा त्याला मिनामाताचंच नाव दिलं. पाऱ्यावर ॲसिटाल्डिहाइड करणं बंद करायला त्यात २०१८ची मुदत होती. भारतानेही तो करार २०१८मध्ये मान्य केला.

त्याआधीच, १९५९-६०च्या सुमारास, पॅलेडियम आणि तांब्याच्या क्लोराइडवर इथिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड करायची वाकर पद्धत आली होती, तिने पाऱ्याला बाजारातून हटवायला सुरुवात केली. आपल्या भागात मात्र मळी होती. दौंड, बारामतीकडच्या साखर कारखान्यांच्या मळीचं अल्कोहोल आमच्याकडे टँकरने यायचं. त्याची वाफ हवेबरोबर लालभडक तापलेल्या चांदीच्या जाळीवरून नेली की ॲसिटाल्डिहाइड. पुढच्या भांड्यात त्यात हवा सोडायची, आणि तिथे मँगनीज ॲसिटेट. त्याचे खडे फिकट गुलाबी असतात, ओल्या मुठीत धरले तर गुलकंदाच्या बरणीत सांडलेल्या साखरेसारखे दिसतात. भांड्यात हवा लागली की द्रव काळपट तपकिरी होतो. त्या रंगावर माझी पहिली दोन वर्षं गेली. हवा आणि ॲसिटाल्डिहाइड जुळताना मध्ये परॲसेटिक ॲसिड होतं, ते साठलं तर स्फोट होऊ शकतो. मँगनीज ते साठू देत नाही. आमचे जुने ऑपरेटर अण्णा काचेच्या खिडकीवर टॉर्च धरून म्हणायचे, "ताई, चहाचा रंग आहे तोवर बसा. पाण्याचा रंग दिसला की आधी हवा बंद करा, मग मला हाक मारा."

मँगनीज हा काही पारा नव्हे. पण मिनामाताचं मी विद्यार्थिदशेतच वाचलेलं होतं, म्हणून कामाला लागल्यावर स्वतःहून एक रजिस्टर घातलं. डाव्या पानावर किती किलो मँगनीज भांड्यात गेलं, उजव्या पानावर मनोऱ्याच्या तळाच्या गाळात किती परत मिळालं. गाळ पिंपात भरून कुठे पाठवला तेही. साहेबांना हे जास्तीचं काम वाटायचं, कारण मँगनीज स्वस्त. एका पावसाळ्यात महिनाअखेरीला साडेचार किलोचा मेळ लागेना. तोललेले आकडे मी तीनदा तपासले. अण्णा आणि मी पिंपं धुण्याच्या ओट्यापासून गटाराच्या वाटेने चालत गेलो. कुंपणाजवळ सिमेंटची नळी तडकलेली होती आणि तिथली माती दोन हातभर तपकिरी झाली होती. कुंपणापलीकडे ज्वारीचं शेत आणि एक विहीर.

साहेबांना तिथे नेऊन उभं केलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आठवडाभरात नवी नळी पडली, तपकिरी माती खणून पिंपांत भरली, विहिरीचं पाणी पुण्याला तपासायला पाठवलं. ते स्वच्छ निघालं. पुढच्या महिन्याच्या बेरजेत फरक २०० ग्रॅमचा आला. तो मी लाल शाईने लिहिला आणि खाली अण्णांचीही सही घेतली.